तेरावी बाटली

वाचकांच्या अतर्क्य अनुभवांचं हे सदर मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर लेख निम्म्यावर आला की मला हसू यायचं. आमच्या पारोळ्याच्या घरात दारावर लिंबू-मिरचीसुद्धा टांगत नाहीत. वडील हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. पहिली स्कूटर त्यांनी मुद्दाम अमावास्येला घरी आणली होती. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता जळगावात एका प्रयोगशाळेत पाणीच तपासते. जे मोजता येतं ते खरं, अशी माझी समजूत. ती अजूनही बदललेली नाही... फक्त एक दिवस त्या समजुतीत बसत नाही. तो आज लिहून टाकते.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची उन्हाळी सुट्टी होती. चोपड्याला गावांच्या पिण्याच्या पाण्यावर काम करणारी एक छोटी संस्था आहे, तिथे मी आणि माझी वर्गमैत्रीण पूनम दोन महिन्यांची इंटर्नशिप करत होतो. पूनम भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली, बोलायला तिखट. ऑफिस म्हणजे भाड्याचं तीन खोल्यांचं घर. मागच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आमची प्रयोगशाळा, आणि फ्रिजमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी नानांचं ताक.

नाना म्हणजे आमचे वरिष्ठ. पन्नाशी ओलांडलेले, शांत, पण शिस्तीला कडक. सकाळी ते बाटल्या मोजून द्यायचे आणि संध्याकाळी मोजून घ्यायचे. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी — ठिकाण, वेळ, पाण्याचा वापर, नमुना कोणी घेतला. चिठ्ठ्या मीच लिहायची. ‘विहीर’ हा शब्द मी ‘विहिर’ असा लिहायची. त्यावरून नानांनी मला दोनदा टोकलं होतं, तरी हात वळत नव्हता. त्याच आठवड्यात माझ्याकडून दोन चिठ्ठ्यांची अदलाबदलही झाली होती. नाना रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “मनीषा, बाटली चुकली तर गाव चुकतं.” मला ते फार लागलं होतं.

त्या दिवशी आम्हाला सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव दिलं होतं. नाव सांगत नाही. ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्यांना आवडणार नाही. बारा ठिकाणं, बारा बाटल्या. आठच्या एसटीने पोचलो आणि सिंधूअक्कांना सोबत घेऊन फिरलो. सिंधूअक्का तिथल्या अंगणवाडी सेविका. अंगाची लाही करणारं ऊन. मी डोक्याला निळी ओढणी घट्ट बांधली होती. हापसे, नळ, दोन विहिरी असं करत बाराच्या सुमारास बारावी बाटली भरली. अक्कांच्या ओसरीवर आम्ही दोघींनी बाटल्या मोजल्या, बर्फाच्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या आणि पूनमने झाकणाला चारही बाजूंनी तपकिरी चिकटपट्टी लावली. हे सगळं इतकं बारीक सांगते आहे, कारण पुढे मला ते शंभरदा आठवावं लागलं.

मग अक्कांनी जेवायला बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. जेवून तिथेच पंख्याखाली आडव्या झालो. दीड वाजेपर्यंत आम्ही दोघी त्या ओसरीवरून हललो नाही. झोपही लागली नाही, कारण अक्का सुनेबद्दल सांगत होत्या आणि पूनम त्यांना उलट प्रश्न विचारत होती. साडेतीनची गाडी धरून पाचला ऑफिसात आलो.

नानांनी पट्टी कापली, झाकण काढलं आणि मोजायला सुरुवात केली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं.

“तेरा आहेत,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “बाराच दिल्या होत्या तुम्ही.”

“माहितेय मला. म्हणून तर विचारतोय.”

तेरावी बाटली बाकीच्यांसारखीच होती. तीच कंपनी, तसंच निळं झाकण. चिठ्ठीवर माझं अक्षर. ‘विहिर, कौतिक आबा यांचा मळा. वेळ १२.४०.’ वापराच्या रकान्यात आम्ही ‘पिण्यासाठी’ नाहीतर ‘सांडण्यासाठी’, म्हणजे धुण्या-आंघोळीसाठी, असं लिहितो. तिथे लिहिलं होतं, ‘उद्या’. खाली माझी सही.

कौतिक आबा हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बारा चाळीसला माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. पूनमकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती. “माझ्याकडे काय बघतेस? मी तुझ्या शेजारी होते,” ती म्हणाली.

नानांचा चेहरा सांगत होता की मी पुन्हा गोंधळ घातला आहे. नोंदवहीत नसलेला नमुना ओतून टाकायचा, असा नियम होता. त्यांनी बाटली मोरीकडे नेली, झाकण उघडलं... आणि थांबले. मग बाटली माझ्या नाकापाशी धरली. फवारणीच्या पंपाला येतो तसा वास. हलका, पण ओळखू येणारा.

आम्ही नायट्रेटची, म्हणजे पाण्यातला खताचा अंश दाखवणारी, पट्टी बुडवली. तिचा रंग एक मिनिटाने वाचायचा असतो. ही बुडवल्या बुडवल्या गर्द जांभळी झाली, डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे. दुसरी पट्टी, तेच. डबी खराब असेल म्हणून ऑफिसच्या नळाच्या पाण्यात एक बुडवली, ती पांढरीच राहिली.

नानांनी सिंधूअक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अक्का, गावात कौतिक आबांचा मळा आहे का?”

“शे ना. नालाना पल्याड. उद्या त्यासनी नातनं लगीन शे. बठ्ठं गाव तठे जेवाले जाई.”

“स्वयंपाकाला पाणी कुठलं?”

“त्याच विहीरनं. मळामाच तर मांडव शे.”

नानांनी शांतपणे सांगितलं की त्या विहिरीत काहीतरी मिसळलेलं दिसतंय, लग्नघरी निरोप द्या. अर्ध्या तासाने अक्कांच्याच फोनवरून आबांचा मुलगा दिलीप बोलला. नवरीचा बाप. आवाज दमलेला. “साहेब, चार पिढ्या त्या विहिरीचं पाणी पितोय आम्ही. दारात मांडव आहे, असं अभद्र बोलू नका.” फोन ठेवला. त्याआधी मागून कुणीतरी हसल्याचंही ऐकू आलं.

दिलीपभाऊंचं तरी काय चुकलं होतं? आम्ही कोण? आणि पुरावा काय, तर जी बाटली कुणी भरलीच नव्हती ती. मी नानांना म्हटलं, “नाना, कदाचित माझीच काहीतरी चूक असेल.”

त्यांनी पट्टी नोंदवहीत ठेवली. “चूक निघाली तर बोलणी मी खाईन,” ते म्हणाले. “चूक नसली आणि आपण गेलो नाही तर...”

शेतीची लाईट त्या भागात तेव्हा सकाळी सहाला यायची. म्हणजे सहाला मोटर सुरू होणार, टाक्या भरणार आणि आचारी आधण ठेवणार. आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला संस्थेच्या जीपने निघालो. रस्ताभर खरं निघेल याचीही भीती आणि खोटं निघेल याचीही.

सहाला दहा मिनिटं असताना मळ्यात पोचलो. केळीच्या बागेला लागून मांडव. चुलीवर रिकाम्या कढया, शेजारी पाण्याच्या तीन काळ्या टाक्या, त्याही रिकाम्या. आचारी वांगी चिरत बसले होते. दिलीपभाऊ आम्हाला पाहून रागाने पुढे आले, पण पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून आवाज दाबून म्हणाले, “करा काय करायचं ते, आणि पाच मिनिटांत निघा.”

पूनमने बादली सोडून विहिरीचं पाणी काढलं. पट्टी मी त्यांच्या समोर बुडवली. गर्द जांभळी.

“खताचा अंश असेल,” ते म्हणाले. “केळीचा मळा आहे. उकळलं की जाईल.”

“उकळून हे जात नाही भाऊ. पाणी आटतं आणि हे वाढतं,” नाना म्हणाले.

दिलीपभाऊंना पटत नव्हतं. ऐन लग्नाच्या सकाळी दुसरं पाणी कुठून आणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात कडुनिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसलेले एक म्हातारे काठी टेकत आले. तेच कौतिक आबा. ते पट्टीकडे पाहतच नव्हते. माझ्याकडे पाहत होते.

“दिलीप, मोटरना स्विच बंद कर.”

“आबा, पण...”

“हाई पोर काल बी उनी व्हती. ऊनमा दोनदा उनी, उगाच उनी का?” मी कालही इथे आले होते, असं ते सांगत होते.

दिलीपभाऊंनी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जाऊन स्टार्टरचा ऑटो स्विच बंद केला. दोन-तीन मिनिटांत लाईट आली. खोपीवरचा बल्ब लागला. मोटर गप्प राहिली.

त्यानंतर ते ठिबकच्या खताच्या टाकीकडे गेले आणि तिथेच खाली बसले. आम्ही मागोमाग गेलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी त्यांनी केळीच्या मुळांना खत आणि कीडनाशक एकत्र कालवून ठिबकमधून सोडायला घेतलं होतं. अकराच्या सुमारास मध्येच लाईट गेली. लग्नाच्या धावपळीत ते दुपारी उशिरा परत आले, टाकी रिकामी दिसली, वाटलं सगळं बागेत गेलं. पण पाणी उलटं फिरू नये म्हणून पाइपला जो व्हॉल्व्ह लागतो, तो महिनाभरापूर्वी फुटला होता आणि बदलायचा राहिला होता. मोटर थांबताच टाकीतलं सगळं औषध पाइपमधून मागे ओढलं जाऊन विहिरीत उतरलं होतं. त्यानंतर मोटर चाललीच नव्हती.

“चारशे माणूस जेवणार होतं,” दिलीपभाऊ म्हणाले. एवढंच. मग ते उठले आणि नानांचे हात धरून उभे राहिले.

पुढची सगळी धावपळ आनंदाची होती. शेजारच्या मळेकऱ्याच्या बोअरचं पाणी तपासलं, चांगलं निघालं. ट्रॅक्टरवर टाक्या चढल्या, पोरीबाळी हंडे घेऊन निघाल्या. पंगत तासभर उशिरा बसली, पण बसली. आम्हाला जाऊ दिलं नाही. मेथीचं वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी. नवरी — माझ्याच वयाची — हळदीच्या हातांनी आमच्या पानात बट्टी मोडून गेली. तिच्या छोट्या भावंडांना ग्लासच्या ग्लास पाणी पिताना पाहून माझे डोळे भरून आले. पूनमने विचारलं, “तिखट लागलं का?” मी हो म्हटलं.

निघण्याआधी मी आबांजवळ जाऊन बसले.

“आबा, काल तुम्ही खरंच मला पाहिलं?”

“मंग? विहीरना काठवर उभी व्हती. डोकाले निळी ओढनी. दोरी सोडीसन बाटली भरी ऱ्हायंती. मी म्हनं, बेटा, ऊन शे, सावलीमा बस. काहीच बोलनी नही.”

“किती वाजता?”

“दिलीप घर गया व्हता. साडेबारा-एक व्हई.”

मी त्यांना सांगितलं नाही की मी तेव्हा अक्कांच्या घरी होते. सांगून काय करणार होते?

नंतर मी माझ्या परीने सगळं तपासून पाहिलं. आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यांना कुणी दुसरी मुलगी दिसली असेल, मान्य. ऊन टाळायला सगळ्याच जणी ओढणी बांधतात, तेही मान्य. पण बाटली? संस्थेतल्या बाटल्या मोजल्या, एकही कमी नव्हती. पूनमने थट्टा केली म्हणावं, तर मळा अक्कांच्या घरापासून दीड किलोमीटर, आणि अकरानंतर विहिरीत काय उतरलं हे तर दिलीपभाऊंनाही ठाऊक नव्हतं. मला चालता-बोलता भ्रम झाला म्हणावं, तर अक्का आणि पूनम दोघी साक्षीला. बाटलीतलं उरलेलं पाणी आम्ही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. त्यात निघालेलं औषध दिलीपभाऊंनी सांगितलेलंच होतं. म्हणजे पाणी त्याच विहिरीचं, अकरानंतर काढलेलं. त्या तारखेचा तो रिपोर्ट मी स्वतः वाचलाय.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी तो रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही. पण माणसं जेवून सुखरूप घरी गेली ना?” गेली, मी म्हटलं.

पुष्कळजण विचारतात, स्वतःसारखी दिसणारी कुणीतरी फिरते आहे म्हटल्यावर तुला भीती नाही वाटली? पहिले काही दिवस वाटली. आरशासमोर उभं राहायला नको वाटायचं. आता तसं होत नाही. आता ती आठवली की बरंच वाटतं. भर दुपारी, मी पंख्याखाली आडवी असताना, कुणीतरी त्या उन्हात विहिरीपर्यंत चालत गेलं होतं. कोण, कसं आणि माझ्याच अक्षरात का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मिळेल असंही वाटत नाही. फक्त आबांनी तिला सावलीत बसायला सांगितलं होतं, हे मला फार बरं वाटतं.