सोळा तास, पण कुठल्या दहापासून

“उद्या दुपारी दोनला माती. थोरला अमेरिकेहून येतोय. समद्यांना सांगा.”

ज्ञानोबाभाऊ माझ्या समोरच्या खुर्चीत बसून अंत्यविधीची वेळ कळवायला सोयऱ्यांना फोन लावत होते. सोमवार, सकाळचे नऊ. त्यांचे मोठे भाऊ पहाटे वारले होते. वारलेल्या भावाच्या थोरल्या मुलाचं, संतोषचं तिकीट मी नुकतंच काढून दिलं होतं.

मी नववी शिकलेली बाई. अंबाजोगाईत तिकिटांचं दुकान चालवते, कॉम्प्युटर बघून बघून शिकले. भाऊंनी विचारलं होतं, “अक्का, किती तास लागत्यात?” मी सांगितलं, सोळा. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, मधे थांबा नाही. विमान सोमवारी सकाळी दहाला सुटतं, तेही सांगितलं. खोटं काहीच नव्हतं.

भाऊंनी हिशोब मांडला. आत्ता दहाला बसला, रात्री दोनला मुंबई, पुढं दहा तास गाडी, उद्या बाराला दारात.

मग मी प्रिंट काढली. उतरायची वेळ : मंगळवार, दुपारी अडीच.

“भाऊ, फोन ठेवा. उद्या दोनला तो मुंबईतबी नसतोय.”

“कावून? तुमीच म्हनलाव ना सोळा!”

“सोळाच. पण दहा तिकडचे हायत. तिकिटावर सुटायची वेळ तिथल्या घड्याळाची, उतरायची आपल्या घड्याळाची.”

भाऊंनी बोटं मोजली. “आजचे दहा ते उद्याचे अडीच, साडेअठ्ठावीस तास झाले की! इमान हाय का बैलगाडी?”

तोंडानं समजावून होईना. मी संतोषला व्हिडिओ कॉल लावला. डोळे सुजलेले, मागं उघडी बॅग.

“बाळा, काकांना खिडकी दाखव.”

बाहेर काळोख, रस्त्यावर दिवे.

“काका, इथं अजून रविवारच हाय. रात्रीचे साडेआठ. इमान उद्या सकाळी दहाला, तवा तुमच्याकडं आज रात्रीचे साडेदहा.”

 भाऊ मग खरी अडचण बोलले. “माती होईस्तवर भावकीत चूल पेटत न्हाई. परवापर्यंत लेकरांनी काय खायचं? धाकट्या पोराच्या हातून उरकावं लागंल.”

“काका, दादांचं तोंड तरी बघू द्या.” संतोष वडिलांना दादा म्हणायचा. एवढंच म्हणाला.

भाऊंनी पुन्हा पहिल्यापासून फोन लावायला घेतले. “माती बुधवारी, सकाळी नवाला. न्हाई, हेच पक्कं.” मी मेडिकल कॉलेजात ओळखीच्या सिस्टरला फोन करून शवागारात जागा विचारली. मिळाली. राहिला चुलीचा प्रश्न. पण चुली भावकीच्याच बंद असतात, शेजाऱ्यांच्या नाही. गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस पिठलं-भाकरी पोचवली.

बुधवारी उजाडायच्या आत संतोष आला. नवाला अग्नी त्यानंच दिला.

चूक माझीच होती. तास विचारले, तास सांगितले, घड्याळ कुणाचं ते सांगितलंच नाही. आता परदेशाच्या प्रत्येक प्रिंटवर सुटायच्या वेळेशेजारी मी पेनानं लिहिते : आपले इतके.

मागच्या महिन्यात ज्ञानोबाभाऊ परळीहून हैदराबादच्या रेल्वेचं तिकीट काढायला आले. वेळ ऐकली आणि खाली वाकून हळूच विचारलं,

“अक्का, हे आपले का तिकडचे?”

मी हसले नाही. पेन घेतला आणि वेळेशेजारी लिहून दिलं : आपलेच.