पुरातली काहील

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणतो. आजही म्हणतो. त्यामुळं ही हकीकत वाचून कुणी मला तसं म्हटलं तर राग नाही… फक्त आधी येऊन माझे तळपाय बघून जा.

लढाईत मी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, आराकानच्या खाड्यांत सरकारी लाँचवर होतो. भरतीला फुगणाऱ्या नि ओहोटीला चिखलात रुतवणाऱ्या खाड्या, वर जपान्यांची विमानं. तिथून धडधाकट आलेल्या माणसाला कृष्णेच्या पुराचं कसलं भ्या? घरी परतलो, तो पहिलाच श्रावण. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, अगदी नदीकाठी, दवाखाना पलीकडं. धाकटी बहीण तानी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आदल्या दिवसापासून वेणा देत होती. सकाळी सुईणीनं हात टेकले, म्हणाली, डॉक्टर गाठा.

पुरामुळं नाव वर ओढून ठेवलेली. अशा वेळी आमच्याकडं एकच तोड — गुऱ्हाळातली काहील. रस आटवून गूळ करायची ती लोखंडी काहील सरळ पाण्यात सोडायची. पसरट असते, सहसा उलटत नाही, फक्त गरगरते. ज्ञानूकाकांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, आपली काहील काढली. आत कडबा नि वाकळ पसरून तानीला निजवलं. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी, वल्हवायला हातात फळ्या.

मधोमध गेलो आणि काहील थांबली. गरगरणंसुद्धा बंद. आजूबाजूनं ओंडके सुसाट चाललेले आणि आम्ही जागच्या जागी! फळी खोल घालून पाहिली, तळ लागेना. लाँचवर शिकलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या मी नदीला हासडल्या.

मग पाय चटकले. उन्हानं तापली असेल म्हणून ओंजळभर पाणी ओतलं… ते चर्र वाजलं. बाहेर हात घातला तर पाणी गारढोण, आणि आत लोखंड चुलवाणावर ठेवल्यागत तापत चाललेलं. कडब्याचा करपट वास सुटला. काकांचं तोंड पांढरंफटक पडलं.

"पोरीला उचल रं," ते म्हणाले. "भाजंल ती."

फळ्या टाकल्या आणि दोघांनी तानीला हातांवर घेतलं. ती सारखी म्हणत होती, नगं, मला खाली ठेवा. आम्हाला वाटलं, कळांनी बरळतीय. तळपायांची कातडी सोलून निघत होती आणि पाय उचलायची सोय नव्हती. मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज वाटत नाही. किती वेळ गेला देव जाणे… मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि काहील गिरक्या घेत पलीकडच्या काठाला आदळली.

दवाखान्यात तानी वाचली. मूल मेलेलं निघालं. डॉक्टरांनी आमचे पाय बघून विचारलं, विस्तवावरनं चाललात की काय? काकांनी हो म्हणून टाकलं. कडबा आणि वाकळ मात्र मी स्वतः उलटून पाहिली — कुठं करपल्याचा डागसुद्धा नव्हता.

लोक काय, काहीही जोडतात. म्हणे नदीला नारळ दिला नसेल. दिला होता की! मीच फोडला होता.

घरी आल्यावर तानी हिंडूफिरू लागली. एकदा काका नि मी पायांना तेल लावत बसलो होतो, तेव्हा समोर येऊन उभी राहिली.

"दादा, मला तिथं खाली लय गार वाटत हुतं," ती म्हणाली. "कळा थांबल्या हुत्या. पोर हलत हुतं. तुमी मला उचललं, आन ते हलायचं थांबलं."

मी तिला माझे तळपाय दाखवले. तिनं ते नीट बघितले आणि आत निघून गेली. सासरी गेली ती पुन्हा माहेराला आली नाही. आम्ही तिला वाचवलं की तिचं पोर मारलं… मला अजून कळलेलं नाही.