होयबा आणि मागची सीट

होयबाचं आणि त्याच्या बायकोचं फाटलं, ही बातमी आधी औषधाच्या दुकानात कुजबुजली गेली आणि मग खोकल्याच्या बाटल्यांबरोबर घरोघर पोचली. पुरावा रोज सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जायचा. होयबा गाडी चालवतोय, शेजारची सीट रिकामी, आणि बायको मागे, खिडकीकडे तोंड करून.

"इतकी वर्षं पुढे बसायची. आता नवऱ्याचा ड्रायव्हर केलाय," औषधवाला म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नव्हतंच, आता गिऱ्हाइकांच्या जिभाही सैल सुटल्या. कुणी म्हणालं, प्रकरण वकिलापर्यंत गेलंय. कुणी म्हणालं, सलूनमध्ये कुणीतरी नवी आलीय. सलूनमध्ये नवी आली होती ती फक्त फिरती खुर्ची, आणि तीही करकरायची.

होयबा म्हणजे कोपऱ्यावरचा सलूनवाला. धंदा शिकवताना त्याच्या उस्तादाने बजावलं होतं, हातात वस्तरा असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. माणूस चिडला की मान हलवतो. तेव्हापासून एकजण म्हणे थंडी वाढली, तर "होय बा". पुढचा म्हणे, कसली थंडी, तर त्यालाही "होय बा". तेच नाव पडलं. आणखी एक गंमत होती. आयुष्यभर माणसांच्या पाठीमागे उभं राहून आरशातल्या चेहऱ्याशी बोलायची त्याला सवय. आरशात बघून तो पोटातलंही ओठावर आणायचा. समोरासमोर आला की मात्र दातखीळ बसायची.

बायकोचं चौकापलीकडे अल्टरेशनचं दुकान. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाआधीचा कोट लग्नानंतरच्या पोटावर बसवणं. नवरा-बायको दोघांच्याही हातात कात्री, त्यामुळे घरात आवाज चढला की शेजारी आपापली दारं लोटून घेत. मशीनवर वाकून वाकून तिची कंबर धरली होती. सकाळी ती पलंगावरून उठायची ती घडीच्या टेबलासारखी, एकेक पाय सोडवत. शेक मिळाला तरच पाठ सरळ व्हायची. म्हणून तर होयबाने ती जुनी गाडी घेतली. तिची पुढची सीट तापायची. दुकानापर्यंत जाता जाता बाईची पाठ मोकळी व्हायची आणि तोंडही. रस्त्यावरच्या एकूण एक माणसाला ती नावं ठेवायची आणि होयबा "होय बा" म्हणायचा. दोघांचा संसार असा अगदी सुखात चालला होता.

एका सकाळी तो गाडी काढायला गेला, तर गाडीतल्या स्क्रीनवर कंपनीचा भलामोठा मजकूर. खाली दोन चौकटी, "सहमत" आणि "नंतर". आता ज्याने आयुष्यात कुणाला नकार दिला नाही, तो एका काचेला कशाला देईल? दाबलं "सहमत".

दुसऱ्या दिवशी सीट थंडगार. स्क्रीनवर सीटच्या चित्राशेजारी एक छोटंसं कुलूप.

"अहो, तापत नाहीये."

"तापेल, तापेल."

"तुम्ही काही दाबलंत का?"

"नाही," होयबा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो "नाही" म्हणाला, आणि नेमकं तेच खोटं.

दुपारी त्याने सलूनच्या मागच्या खोलीतून गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेत घोळून बोलायची.

"सर, ती सोय पहिल्या मालकाच्या नावावर होती. नव्या अटींप्रमाणे ती दुसऱ्या मालकाकडे येत नाही."

"पण तापायची कॉइल सीटमध्येच आहे ना?"

"हो सर."

"तारा शाबूत आहेत?"

"हो सर."

"गाडी माझी आहे?"

"अगदी हो सर."

"मग?"

"सोय कंपनीची आहे सर. आणि अटी तुम्हीच मान्य केल्यात."

होयबा फोन ठेवून खुर्चीवर बसला. समोरचा सगळ्याला हो म्हणत असला की माणसाचं डोकं कसं फिरतं, हे त्याला आज कळलं.

बायकोने काही दिवस गरम पाण्याची पिशवी कमरेला बांधून काढले. पण गाडीतून उतरताना तिला दार धरून उभं राहावं लागायचं. मग एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "शेजारच्या ड्रायक्लीनवाल्याला माझं दुकान हवंय म्हणे. उद्या बोलते त्याच्याशी."

तिच्याशिवाय ते दुकान आणि दुकानाशिवाय ती, दोन्ही होयबाला डोळ्यांपुढे आणवेना. त्याने तेव्हाच्या तेव्हा गाडी गॅरेजवर नेली.

गॅरेजवाल्याने सीटखाली बॅटरी मारली. "सगळं ठणठणीत आहे. कुलूप वरून घातलंय, किल्ली कंपनीकडे. माझ्या पान्याने उघडत नाही ते." मग तो मागे वळला, गाडीकडे निरखून बघत राहिला आणि हसायलाच लागला. "अरे, ही तर तुझ्या आधीच्या मालकाची, त्या इंजिनिअरची गाडी! त्याच्या आईसाठी मागच्या सीटमध्ये शेकाची गादी मीच बसवली होती. हे बघ, दाराजवळ काळं बटण. साधी तार, साधं बटण."

"कंपनी तेही बंद करेल."

"तिला माहीतच नाही, तर बंद काय कपाळ करणार?"

दुसऱ्या सकाळी होयबाने मागचं दार उघडून धरलं.

"मागे? मी काय पाहुणी आहे?"

"बस तर खरी."

ती बसली. वळणापर्यंत पोचेतो तिचे खांदे सैल झाले. होयबाने आरसा जरा तिरका केला, आणि त्यात तिचा चेहरा आला. झालं, इतक्या दिवसांची दातखीळ सुटली.

"ते बटण मीच दाबलं होतं," तो आरशाला म्हणाला.

"कुठलं?"

"सहमत."

"वाचलं होतंत?"

"नाही."

"आणि मला नाही म्हणालात."

"होय बा," होयबा म्हणाला.

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. नेमकी त्याच वेळी गाडी औषधाच्या दुकानासमोरून गेली.

दुकानाशी ती उतरली, दार न धरता. पाठ ताठ, आवाजही. "संध्याकाळी वेळेवर या न्यायला. ड्रायक्लीनवाल्याला नाही म्हणून मीच सांगते. तुमच्या 'नाही'वर आता माझा भरवसा नाही."

बातमी ऐकून होयबाची धाकटी बहीण तडक घरी आली. "वहिनी, दादाचं काही चुकलं असेल तर पोटात घाला हो."

"चुकलंच आहे."

"अगं बाई! मग पुढे कधी बसणार त्याच्या शेजारी?"

"कंपनी म्हणेल तेव्हा."

बहिणीने जाता जाता औषधवाल्याला सांगितलं की आता मध्ये कुठलीशी कंपनी पडलीय. त्यामुळे कुजबुज आणखी वाढली. इकडे मागच्या सीटवरून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवणं पुन्हा सुरू झालं होतं आणि आरशातून होयबा आता चक्क उलट उत्तरंही द्यायला लागला होता.

त्या दोघांचं फाटलेलं नव्हतं. पुढच्या सीटची ऊब कंपनीने बंद केली होती आणि मागच्या सीटची चालू होती. म्हणून ती मागे बसत होती.