बैलगाडीला बंद केलेला रस्ता

त्या रस्त्याचा मुरूम मी वाहिलेला आहे. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की म्हातारा उगाच हक्क सांगतो. उगाच नाही सांगत. नंदुरबारबाहेर सोसायटीनं प्लॉट पाडले तेव्हा तिथं बोरीबाभळी आणि काळी माती होती. पावसाळ्यात माणूस पोटरीपर्यंत रुतायचा, चप्पल शोधायला हात घालावा लागायचा. त्या मातीवर मुरूम पडला तो माझ्या गाडीतून. मास्तरांच्या घराची वीट, वकिलाच्या ओट्याचा दगड, चेअरमनच्या घराची रेती, सगळं माझ्या दोन बैलांनी ओढलं. एक पांढरा, एक तांबडा.

मी मूळचा रनाळ्याचा. वाट्याला आलेलं रान भावाला कसायला दिलं आणि बैल, गाडी, बायको घेऊन शहरात आलो. हंगामात जिनिंगला कापूस वाहायचा, एरवी स्टेशनच्या मालधक्क्यावरून व्यापाऱ्यांचा माल. शाळा दुसरीपर्यंत झाली. सही येते, मोठी अक्षरं वाचता येतात. तेवढ्यावर माझं कुठं अडलं नाही, आणि कुणापुढं मी मान खाली घातली नाही.

सोसायटीत सभासद कमी पडत होते. नाल्याकडचा शेवटचा प्लॉट कुणी घेईना. चेअरमन कोर्टात कारकून होते आणि रनाळ्याचे जावई होते. त्यांची बायको आमच्या गावची लेक, मला दादा म्हणायची. आमच्याकडे गावाचा जावई तो सगळ्या गावाचा जावई. त्याच्या शब्दाला उलट शब्द द्यायचा नाही. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला, कागद पुढं सरकवले आणि म्हणाले, "मेव्हणे, करा सही. तुमचं घर होऊन जाईल."

जावयानं पुढं केलेला कागद 'आधी वाचून दाखवा' असं म्हणायचं? ते म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणणं. मी सही केली. माझ्या जागी रनाळ्याचा कुठलाही माणूस असता तरी त्यानं तेच केलं असतं.

दोन खोल्या बांधल्या, मागं गोठा घातला. घराच्या एका अंगाला नाला, मागं रेल्वेची हद्द, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची भिंत. आत यायला आणि बाहेर जायला तो एकच रस्ता. तीन-चार वर्षं सुखाची गेली. मग रस्त्यावर डांबर पडलं, विजेचे खांब उभे राहिले, आणि लोकांना माझी गाडी दिसायला लागली. म्हणजे आधीही दिसत होती. पण चिखलात होते तेव्हा त्यांना तिची गरज होती.

सभा भरली शाळेच्या व्हरांड्यात. सोसायटीच्या रस्त्यावर बैलगाडी आणि जनावर आणायचं नाही, असा नियम वाचून दाखवला. चाकाच्या लोखंडी धावेनं डांबर फाटतं म्हणाले. शेणावर माश्या बसतात, पोरं आजारी पडतात म्हणाले.

मी उभा राहिलो. "माझा गोठा मागं आहे. बैल उडून जातील का गोठ्यात?"

लोक हसले. वकील म्हणाले, "हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. आपण आजपर्यंत सवलत दिली एवढंच. यावर तुमचीही सही आहे."

वकील काही माझे जावई नव्हते. त्यांना मी बोललो. "सही माझी आहे साहेब, बैलांची नाही. आणि त्यांनी ओढलेला दगड तुमच्या ओट्यातून आधी काढून द्या, मग नियम सांगा."

पुन्हा हसले. मग चेअरमन बोलले, अगदी गोड आवाजात. "मेव्हणे, माझा व्यक्तिशः विरोध नाही हो. पण सगळ्यांचं मत पडलं." मी त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली बसलो. तोंडाशी आलेलं गिळलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं काय झालं, तर दोन घास झाल्यावर सांगितलं.

ऐन कापसाच्या हंगामात रस्त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब गाडले आणि साखळी लावली. कुलूप घातलं. बाजूनं माणूस आणि सायकल जाईल एवढी फट ठेवली. कुणाकडे ट्रक आला तर रखवालदार कुलूप काढायचा. पाहुण्यांचा टांगा आला तरी काढायचा. घोडा चालत होता, बैल चालत नव्हता. मी संध्याकाळी जिनिंगहून आलो आणि साखळीपुढं गाडी उभी केली.

रखवालदार आमच्याच भागातला. तो आधीच हात जोडून उभा. "भाऊ, माले शिव्या दिसन काय व्हई? मन्ही नोकरी जाई."

मी त्याला शिवी दिली नाही. बैल सोडले आणि बाहेर बाभळीखाली बांधले. म्हटलं, दोन दिवसांत लाजेनं काढतील साखळी. काढली नाही. थंडी पडली. नाल्याकडून वारा यायचा तो अंगातून आरपार जायचा. बायको गोठ्यातला कडबा डोक्यावर घेऊन तो सगळा रस्ता चालत यायची, सगळ्यांच्या ओट्यांसमोरून, आणि पाण्याच्या घागरी तशाच. मी बैलांजवळ गोधडी टाकून पडायचो. स्वतःचं घर हाकेच्या अंतरावर दिसत होतं.

मालधक्क्यावर गाडीवाले टपलेलेच. एक म्हणाला, "काय भाऊ, बंगलावाला व्हयना ना तू? आते बैल बाहेर आन् मालक मझार!"

"मालकही बाहेरच शे," मी म्हणालो. तो हसायचा थांबला. मग त्यानं आपली बिडी माझ्याकडे केली.

तांबड्यानं कडबा सोडला. आधी पुढचा पाय आखडला, मग खोकला लागला. मी त्याला गूळ-ओवा चारला, पाठीवर माझी गोधडी टाकली. कामावर एकट्या पांढऱ्यानं काय होणार? जोडी म्हणजे जोडी. एक बैल बसला की गाडी बसली आणि गाडी बसली की चूल. चेअरमनची बायको एकदा फटीतून बाहेर आली, पदराखाली बाजरीच्या भाकरी घेऊन. तिनं त्या तांबड्याच्या तोंडापुढं धरल्या. त्यानं हुंगल्या आणि मान वळवली.

"दादा, मी सांगेल शे त्यासले," ती म्हणाली. "पन घरमा मन्हं कोन आयकस?"

मी तिला काय म्हणणार? म्हटलं, "तू जा बाई, थंडी शे."

बायकोनं सगळं पाहिलं होतं. ती गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "जवाई गावना शे, पन बैल आपला शेतस. आते तरी तोंड उघडा. नही तं मी उघडस."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेलो. बाकावर बसून बसून कंबर धरली तेव्हा ओव्हरसियरनं आत घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं नकाशा पसरला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा रस्ता सोसायटीचा नाहीच. डांबर टाकायच्या आधी आम्ही ताब्यात घेतला. सार्वजनिक रस्ता आहे. त्यावर कुणालाही कुणाला अडवता येत नाही."

"मग सोसायटीचा नियम?"

"त्यांचा नियम त्यांच्या कुंपणाच्या आत. रस्त्यावर कायदा आमचा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी त्याला दिसू दिलं नाही, फेटा सारखा करायचं निमित्त केलं. म्हणालो, "साहेब, मग काढा साखळी."

"लेखी द्या. साखळी कुणी लावली त्याच्या नावानं."

इथं माझा हात अडला. गावाच्या जावयाच्या नावानं तक्रार! मी कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. समोरच्या चहावर साय धरली. रनाळ्याला कळलं तर पंगतीत शेजारी कोण बसेल, हा विचार मनात. दुसरा विचार तांबड्याचा. शेवटी अर्ज लिहून देणाऱ्याला म्हणालो, "नाव लिहू नका. लिहा, सोसायटीचे चेअरमन." तो म्हणाला, एकच झालं. मी म्हणालो, "तुम्हाला एक, मला दोन." आणि सही केली.

पालिकेची माणसं आली, करवतीनं साखळी कापली, खांब उपटले. भर दुपारी. सगळे ओट्यांवर उभे. मी जोडी जुंपली. तांबडा लंगडत होता तरी जुंपला, त्याला त्याच्या गोठ्यात नेऊनच बांधायचं होतं. गाडी रस्त्याच्या तोंडाशी आली आणि दोन्ही बैल थांबले. साखळी नव्हती, खांबही नव्हते, पण त्यांना तिथं थांबायची सवय लागली होती. मी हाकललं, शेपटी पिळली, ते हलेनात. ओट्यावरून कुणी म्हणालं, "बैलांना नियम कळला, मालकाला नाही कळला." तेव्हा मी खाली उतरलो, कासरा धरला आणि माझ्या बैलांना हाताला धरून घरी नेलं, लहान पोराला नेतात तसं.

गोठ्यात तांबडा बरा व्हायला लागला. मला वाटलं, जिंकलो.

मग सॅनिटरी इन्स्पेक्टर आला. सोसायटीनं आता नियमाचं नावच काढलं नव्हतं. तेही त्याच पालिकेत गेले होते. रस्ता सार्वजनिक आहे ना, मग सार्वजनिक रस्त्यावर गोठ्याचं पाणी येतं, गाडी रात्रंदिवस उभी असते, तिचं बघा. इन्स्पेक्टरनं टेप धरली. शहरात गोठ्याला परवाना लागतो आणि राहत्या घरापासून अंतर लागतं. तेवढं अंतर सोडलं तर गोठा नाल्याच्या पाण्यात जात होता. गोठा हलवायला मुदत देऊन तो गेला.

मी पुन्हा ओव्हरसियरकडं धावलो. "साहेब, तुम्हीच म्हणालात, कुणाला अडवता येत नाही!"

"जायला-यायला नाही अडवत कुणी," तो म्हणाला. "पण उभं राहायला ती जागा नाही. कायदा तुम्हाला एक आणि त्यांना दुसरा कसा लावू?"

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून तर तो घाव जास्त लागला. सोसायटी म्हणत होती तुझी गाडी आत यायची नाही. पालिका म्हणत होती ये, पण थांबू नकोस. मी कितीदा पायऱ्या झिजवल्या. जिनिंगच्या शेटजींना विचारलं, आवारात बांधू का. हंगाम संपेपर्यंत बांध म्हणाले. जुन्या गावात गोठा शोधला, ज्याच्याकडे जागा होती त्याच्याकडे त्याचीच जनावरं होती. रनाळ्याचा भाऊ म्हणाला, आण इकडं. पण बैल रनाळ्याला आणि काम नंदुरबारला, ती गाडी ओढायची कुणी? बायको म्हणाली घर विकू. गिऱ्हाईक आलं तर ते वकिलांचा पाहुणा निघालं, नाल्याकडचं घर म्हणून हसत भाव पाडायला लागलं. त्याला मी पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

मुदत सरत आली. तांबडा पुरता बरा झाला होता. विकायलाच बरा केला, असं मनात यायचं आणि मला गोठ्यात जाववायचं नाही.

बाजारात अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरातला एक शेतकरी भेटला. कमी बोलणारा. त्यानं बैलांचे दात पाहिले नाहीत, डोळे पाहिले. मी त्याला विचारलं, "तुमच्या गावात रस्ता आहे का?"

"रस्ता नाही," तो म्हणाला. "डोंगर आहे."

"मग घेऊन जा."

गाडी मात्र त्यानं घेतली नाही, डोंगरात ती कामाची नव्हती. मीही कुणाला विकली नाही. बैल नाइलाजानं गेले, गाडीसाठी मी नाइलाज होऊ देणार नव्हतो. ती घरासमोर जू टेकून पडली. चार दिवसांत पालिकेचा माणूस आला. हलवा, नाहीतर आम्ही उचलून नेऊ. शेजारच्या गल्लीतला गाडीवाला म्हणाला, माझे बैल जोडतो आणि बाहेर बाभळीखाली नेऊन सोडतो. मी नको म्हणालो. माझ्या गाडीला दुसऱ्याचे बैल लागणार नव्हते.

सकाळी नळाच्या वेळेला मी जुवाच्या एका बाजूला खांदा लावला, दुसऱ्या बाजूला बायकोनं. तिनं पदर खोचला. गाडी हलली. धावेचा तो आवाज डांबरावर झाला आणि बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका बाजूला सरकल्या. मास्तर दात घासता घासता थांबले. नाक्याकडं जरा चढ आहे. तिथं गाडी मागं यायला लागली, बायकोचा पाय घसरला.

तेवढ्यात चेअरमन ओट्यावरून उतरले. चप्पलही घातली नाही, तसेच आले आणि मागून गाडीला हात लावला. त्यांचं तोंड उतरलं होतं. खरंच उतरलं होतं, मी पाहिलं.

"थांबा मेव्हणे, मी लोटतो," ते म्हणाले.

मी मान वळवली. धाप लागली होती, तरी शब्द नीट काढले. "जवाईबुवा, हात काढा. गावाच्या जावयाला आम्ही कामाला लावत नाही."

त्यांनी हात काढला. रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, त्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळेना. गाडी मागं येत होती. मग त्यांची बायको घरातून आली. नवऱ्याच्या बाजूनं गेली, गाडीच्या मागच्या दांड्याला खांदा दिला आणि म्हणाली, "दादा, वढा."

लेकीला तसं काही बंधन नसतं. आम्ही ओढली.