कुलिपाने बांधलेली पॅकेजं

नारीन गावातल्या आमच्या शाळेत कुलिपा संगणक शिकवते आणि मी किरगिझ भाषा. शाळेतले संगणक जुने, इंटरनेट त्याहून अशक्त. प्रत्येक संगणकावर एखादा प्रोग्राम वेगवेगळा उतरवायचा म्हटलं तर अख्खा तास त्यातच जायचा. म्हणून कुलिपा तिच्या टेबलावरच्या त्यातल्या त्यात दमदार संगणकावर प्रोग्राम मूळ कोडपासून स्वतः बांधायची, म्हणजे यंत्राला चालवता येतील असे तयार करायची, त्यांची थेट बसवता येणारी पॅकेजं करून ठेवायची आणि बाकीचे संगणक ती पॅकेजं शाळेतल्या आतल्या जोडणीवरून घ्यायचे. माझ्या तासाला लागणारा शुद्धलेखनाचा प्रोग्राम तिने मुद्दाम सुधारला होता. तो बाहेर तयार मिळत नव्हता.

खोऱ्यातल्या इतर शाळाही अँटेनावरून तिच्याकडून पॅकेजं घेऊ लागल्या. त्यासाठी प्रत्येक शाळेत तिथल्या संगणकांना एकदा सांगून ठेवावं लागे, की कुलिपाच्या संगणकाची डिजिटल सही असलेलं पॅकेज चालेल. वरच्या गावातल्या शाळेने तेवढं सांगितलं नाही. तिथले संगणक सांभाळायचा एशिम, कुलिपाचा सख्खा धाकटा दीर.

नवरोजच्या जेवणाला मीही होते. कुलिपाने सगळ्यांसमोर विषय काढला. "सगळं खोरं घेतं, एकट्या एशिमरावांना माझं चालत नाही."

"वहिनी, तुमच्या हातचे तळलेले बूरसोक मी डोळे मिटून खातो," एशिम म्हणाला. "पॅकेज नाही घेणार."

"का? विष कालवते की काय मी?"

"तुम्ही नाही हो. पण बांधताना यंत्रच चुकलं, तर तुम्हाला तरी कसं कळणार?"

कुलिपाने त्याच्या पेल्यात चहा ओतला. तिला ते लागलं होतं.

वसंतात शुद्धलेखनाचा प्रोग्राम माझ्या तासाला मध्येच बंद पडू लागला. ठरावीक शब्द लिहिले की खिडकी गायब. कुलिपाने आधी जुन्या संगणकांना नावं ठेवली, मग मुलांना. पण इतर शाळांतूनही तीच तक्रार आली. शेवटी तिने मनावर दगड ठेवून एशिमला फोन लावला.

"माझ्याकडे व्यवस्थित चालतोय," तो म्हणाला. "तुमचाच कोड घेतला, पण बांधला इथे."

दोघांनी आपापली पॅकेजं ताडून पाहिली. कोड एकच, तरी पॅकेजं वेगळी निघाली. शोधता शोधता कळलं, की कुलिपाच्या संगणकाची मेमरी खराब झाली होती आणि ते यंत्र कसलीही कुरकूर न करता चुकीचं बांधत होतं. त्यावर सही मात्र तिची.

मी म्हटलं, "मेमरी बदल, नवीन पॅकेज टाक. कशाला गाजावाजा करतेस?"

"आणि आधीची जी बांधली, त्यांचं काय? ती अजून सगळीकडे चालताहेत."

तिने एकेका शाळेला स्वतः फोन करून सांगितलं. एका मुख्याध्यापकांनी तिला बरंच ऐकवलं आणि तिच्याकडून घेणंच थांबवलं. फोन ठेवून तिने पुढच्या शाळेचा नंबर लावला.

रविवारी ती मार्श्रुत्का व्हॅनने एशिमकडे गेली. तिथे काय झालं ते तिनेच मला सांगितलं.

"यापुढे मीही बांधीन आणि तूही बांध," ती त्याला म्हणाली. "दोन्ही जुळली तरच पुढे द्यायची."

"म्हणजे शेवटी माझ्यावर विश्वास बसला तर."

"कुठे बसलाय? बसला असता तर मी कशाला बांधत बसले असते?"

तो हसला आणि आत जाऊन संगणक चालू करून आला.

आता एकेका पॅकेजला वेळ लागतो, कारण एशिमचं यंत्र फार संथ आहे. कधी बांधल्याची तारीख पॅकेजच्या आत उमटते आणि तेवढ्यानेही दोन्ही जुळत नाहीत. मग फोनवर दीर-वहिनीची चांगलीच जुंपते. ते मुख्याध्यापक अजून परत आलेले नाहीत. एशिमने मात्र त्याच्या शाळेत कुलिपाच्या सहीला परवानगी दिली, आणि ते त्याने तिला सांगितलं नाही. तिला ते तिच्या नवऱ्याकडून कळलं.