अर्धेच दात

सरावलीच्या रिक्षा स्टँडसमोर रोज सकाळी एका माणसाच्या मोटारसायकलची चेन उतरायची. मागे बसलेल्या बायकोला गेट बंद व्हायच्या आत कंपनीत पोचायचं असायचं. तो मात्र काडीने चेन बसवून बोटाने मागे ओढायचा आणि शेअर रिक्षात बसलेल्या आम्हा सगळ्यांना समजवायचा, "चक्राचे दात उघडे पडले का चेन बदलायची. हे अर्धेच उघडे हायत." मी मान खाली घालून हसू दाबायचे.

काल चेन तुटूनच पडली. ती उचलून, दोन्ही हातांनी ताणून बघत तो म्हणाला, "अजून दिवाळीपर्यंत जाईल."

बायको माझ्या शेजारी येऊन बसली. रिक्षा सुरू झाली तसा तो चेन हलवत ओरडला, "संध्याकाळी न्यायला येतो गं!"

"चालत या," ती म्हणाली. "लवकर पोचाल."