अर्ध्या भोकाचे दोन तुकडे

कुरुंद्याच्या नरसिंग लोहाराचा माणसावर विश्वास कमी, तुटलेल्या लोखंडावर जास्त. मोडकी कुदळ आली की तो मोडलेली जागा उन्हात धरून बघे. ती राखेसारखी करडी, बारीक कणांची असली तर लोखंड निर्दोष. साखरेसारखी चमचमली तर ठिसूळ.

यंदा हळदीच्या काढणीत पंधरवड्यात त्याने घडवलेल्या पाच कुदळी मोडून परत आल्या. पाचही चमचमत्या.

"सोमवारपर्यंत धड कुदळी देतोस का वसमतहून तयार आणू?" हळदवाल्या ग्यानोबाने चारचौघांत विचारलं. चाळीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

नरसिंगचा संशय भंगारवाल्या बाबूसिंगवर गेला. कुदळींसाठी ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे तोच देई. भर बाजारात नरसिंग बोलून बसला, "तू हलका माल मिसळून राहिला!"

"दाखव मग," बाबूसिंग एवढंच म्हणाला.

दाखवायचंच म्हणून नरसिंगने एका पाट्याचे मधल्या भोकावरूनच दोन तुकडे केले. अर्धं भोक इकडं, अर्धं तिकडं. तुकडा बदलला असं उद्या कुणी म्हणायला नको. पहिल्याचं टोक दुपारी तापवलं. त्याच्या बायकोने, रुक्माबाईने, घण घातला, पाण्यात विझवून टोक मोडलं. चमचमतं.

"बघ! सापडला चोर!"

"दुसरा राह्यला की," ती म्हणाली. पण नळाला पाणी आलं, ती भरायला गेली, आणि दुसऱ्या तुकड्याला दिवेलागण झाली. तो मोडला तर राखेसारखा करडा.

नरसिंगने बायकोकडं बघितलं. "दुपारी घण हळू मारलास काय?"

"व्हय, आता माझ्यावर या! पाटा एक, घण एक. दुपारी हितं काय न्यारं होतं ते बघा."

त्याने वर बघितलं. दिवाळीत तिची नजर अधू झाली म्हणून त्यानेच छपरात एक पारदर्शक पत्रा बसवला होता. दुपारी त्यातून भट्टीवर ऊन पडे, आणि उजेडात तापल्या लोखंडाचा लाल रंग फिका दिसतो. ओळखीची लाली दिसेपर्यंत तो लोखंड भट्टीतच ठेवत होता. लोखंडाच्या पोटात बारीक स्फटिक एकमेकांना घट्ट चिकटून असतात. ताव जास्त झाला की मोठे लहानांना गिळतात, आणि घाव बसला की लोखंड तिथूनच फाटतं.

सकाळी त्याने पत्र्याला डांबर फासलं आणि तुकडे घेऊन बाजार गाठला. चारचौघांतच म्हणाला, "बाबूसिंग, माल तुझा बराबर होता. ताव माझा चुकला."

बाबूसिंगने दोन्ही तुकडे उन्हात फिरवले. "हा चांगला तुकडा दुसऱ्याच पाट्याचा नसंल कशावरून?"

नरसिंगने दोन्ही तुकडे जोडून धरले. अर्ध्या-अर्ध्याचं एक गोल भोक झालं. बाबूसिंगने त्यात बोट घातलं, फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं.

"सोमवारला किती पाटे लागतील?" त्याने विचारलं.

"चार. मी निवडून घेतो."

"घे. पण मागनं हलका माल म्हणायचं नाही. मी हितंच उभा राहीन."